लाल की काळं

दौलतने पान्याला शेवटचा हिसका दिला आणि पाना सटकला. हाताची कातडी होडीच्या कडेवर खरवडली गेली. त्याने शिवी तोंडातल्या तोंडात गिळली.

"पुरे आता, दौलतशेट," शरच्चंद्र वकील म्हणाले. "आटा तुटायचा."

दोन्ही मशीनं बसली होती. होडीच्या उजव्या कडेला लाल, डाव्या कडेला काळं. लालवर 'हॅल्डन' लिहिलेलं, काळ्यावर 'सोलमार'. याला डाउनरिगर म्हणतात, असं वकिलांनीच सांगितलं होतं. त्यांचा मेव्हणा कॅनडाहून दोन्ही घेऊन आला होता. शनिवारी तो परत निघणार, एक मशीन त्याच्याबरोबर जाणार, एक इथे राहणार. वकिलांना गळाने मासे धरायचा नाद होता. भिवंडीच्या कोर्टात तारीख नसली की ते टोपी घालून राहनाळला दौलतकडे हजर. होडी मात्र दौलतची होती. नवी, फायबरची, मागे इंजिन लावलेली.

"होडी तुमची, तेव्हा निवड तुम्ही करायची," वकील म्हणाले. "मी फक्त गळ धरून बसणार."

दौलतचा थोरला भाऊ रामनाथ इंजिनापाशी बसून विडी ओढत होता. त्याने लाल मशीनकडे बघितलं. छोटा रहाट, त्याला पोलादी वायर, वायरच्या टोकाला लोखंडी गोळा.

"ह्याचं काम काय, साहेब?"

"गळाची दोरी या वायरला चिमट्याने अडकवायची. गोळा खाली सोडला की गळ हवा तितक्या खोल जातो. मासा लागला की चिमटा सुटतो, गोळा राहतो इकडे आणि मासा तुमच्या हातात."

"म्हंजे गुराच्या गळ्यात बांधतात तसं लोढनं," रामनाथ म्हणाला. "आमी दगड बांधायचो. दगडाला कंपनी नव्हती."

वकील मनापासून हसले. दौलतही हसला, पण त्याचं लक्ष पाण्याकडे होतं.

"फरक एवढाच," वकील पुढे सांगू लागले, "काळं बॅटरीवर चालतं. किती खोल तो आकडा लावला की तेवढ्यावर आपोआप थांबतं, बटण दाबलं की वर येतं. लाल हाताने फिरवायचं. ते तळ लागेपर्यंत जातं. आता ही परीक्षा घ्यायची तर खोल पाणी पाहिजे."

"कशेळीच्या पुलाकडं जाऊ," दौलत लगेच म्हणाला.

"तिकडं गाळ भरलाय," रामनाथने विडी पाण्यात टाकली. "कमरेएवढ्या पान्यात काय बगनार? खोल म्हंजे आपला डोह. दुसरं हायच काय?"

डोह म्हणजे दोघा भावांच्या जमिनीच्या उताराखालचं पाणी. तिथे खाडी वळण घेते आणि वळणावर खोल होते. बाप तिथे जिताडा मासा धरायचा. बाप गेल्यावर वरची जमीन दौलतने गोडाऊनला दिली, खालचं पाणी रामनाथकडे राहिलं. कागदावर पाणी कोणाचंच नसतं, पण घरात तशी वाटणी झाली होती.

आणि त्या डोहात काय आहे, हे दौलतला ठाऊक होतं.

गोडाऊनचा भाडेकरू केमिकलवाला होता. होळीच्या सुमाराला तो म्हणाला, शेट, थोडा खराब माल आहे, खाडीकडचं फाटक उघडं ठेवा. दौलतने विचारलं नाही, कसला माल. न विचारायचे पैसे कोणी देत नाही, ते भाड्यातच धरलेले असतात. त्याने किल्ली दिली. दिवस मावळला की टेम्पो उतारावरून खाली जायचा आणि रिकामा वर यायचा. पुढे वैशाखात बोय मासा पोट वर करून काठाला लागला. रामनाथची बायको जानकीबाई नारपोलीच्या बाजारात मासे विकायला बसायची. तिच्याकडून शिंगाळा नेलेली, लूमवर काम करणारी चार घरं ओकाऱ्या काढून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी एका बाईने तिची पाटी पायाने सरकवली, "ए मौसी, ज़हर बेचती है क्या?" त्यानंतर जानकीबाई बाजाराला गेली नाही. रामनाथने खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या कापडाच्या रंगखान्यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. दौलत शेजारी बसून त्याच शिव्या देत होता. भावापेक्षा मोठ्या आवाजात.

होडी डोहाकडे निघाली.

"आधी काळं," दौलत म्हणाला.

वकिलांनी आकडा लावला. मोटर घुमली, गोळा अलगद खाली गेला आणि मध्येच थांबला. रामनाथ इंजिन मंद ठेवून वळणावरून होडी फिरवत होता. एक फेरी, दुसरी फेरी. गळाला काही लागलं नाही, पण मशीन लोण्यासारखं चाललं. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. दौलतचे खांदे हळूहळू सैल पडले.

"हेच ठेवू," तो म्हणाला. "काय सुंदर चालतंय! त्या लालच्या नादी लागायलाच नको. हात कोन दुखवील?"

"असा एकतर्फी निकाल देतात होय?" वकील म्हणाले. "दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं."

रामनाथ उठला. "इंजिन धर, दौलत. हे मी बगतो."

दौलतने इंजिनाची मूठ हातात घेतली आणि होडीचं तोंड सावकाश पलीकडच्या काठाकडे वळवलं. तिवरांच्या झाडीच्या बाजूला. तिथे पाणी उथळ होतं.

"कुठं चाललास?"

"जरा सावलीला, दादूस."

"सावलीला काय लगीन लावायचंय? डोह मागं राह्यला. फिरव."

दौलतने होडी फिरवली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. रामनाथ लाल मशीनपाशी उकिडवा बसला, त्याने ब्रेक सैल केला आणि वायर सुटू लागली. तिचा बारीक आवाज येत होता. दौलत तो आवाज थांबायची वाट बघत होता. तो थांबेना. किती खोल आहे हा डोह! बापाने सांगितलं होतं, पण बाप तर काहीही सांगायचा.

वायर थांबली.

रामनाथने तिच्यावर बोट ठेवलं, नाडी बघावी तसं.

"चिखल न्हाय," तो म्हणाला.

"खडक असेल," वकील म्हणाले.

"हितं खडक न्हाय, साहेब." त्याने गोळा थोडा उचलला, पुन्हा सोडला. "पोकळ वाजतंय."

होडी पुढे सरकत होती. वायर तिरपी झाली, मग ताठ झाली, आणि होडीने एकदम उजवीकडे मान टाकली.

"अडाकलं! मागं घे, दौलत, मागं घे!"

दौलतचा हात मुठीवर होता. मागे घ्यायचं म्हणजे वायर सैल होणार, गोळा सुटणार किंवा जे अडकलंय ते वर येणार. पुढे रेटलं तर वायर तुटेल. तुटली की संपलं. लाल मशीन बाद, काळं पसंत, खाडीतलं खाडीत. हे सगळं त्याच्या डोक्यात सरळ रांगेत आलं, घाई न करता. त्याने मूठ पिळली. पुढे.

इंजिन बोंबललं. होडी एका अंगावर कलली, कडेवरून पाणी आत आलं. वकील गुडघ्यावर पडले, टोपी पाण्यात गेली. "अहो, काय करताय!" वायर तुटायला तयार नव्हती. रामनाथने ती सोडली नव्हती. एका हाताने ब्रेक दाबून दुसऱ्या हाताने तो वायर कडेपासून दूर ढकलत होता, आणि त्याच्या तळव्यातून लाल धार मनगटाकडे निघाली होती.

"बंद कर! मरायचंय का सगळ्यांना? दौलत!"

दौलतने आणखी क्षणभर मूठ तशीच धरली. मग सोडली.

इंजिन बंद पडलं. होडी सरळ झाली. पाणी आत पायापाशी डुचमळत राहिलं. रामनाथने हात लुंगीला पुसला आणि तो मशीनचा दांडा फिरवू लागला. जड येत होतं. थोडं फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं. वकील त्याला मदत करायला पुढे झाले, पण त्याने मान हलवली.

आधी वास आला. वकिलांनी रुमाल नाकाला लावला. मग पाण्याखाली निळं काहीतरी दिसलं आणि वर आला प्लॅस्टिकचा कॅन, गोळा त्याच्या कडीत अडकलेला. बूच पिवळं. अंगावर पांढऱ्या रंगाने मारलेला त्रिकोण. असे त्रिकोणवाले कॅन दौलतच्या गोडाऊनमध्ये भिंतीपासून छतापर्यंत रचलेले होते. रामनाथ मागच्या महिन्यातच तिथे गेला होता, नातीच्या बारशाचं आमंत्रण घेऊन. चहा पीत त्या थप्पीलाच टेकून उभा होता.

"हे काय आहे?" वकिलांनी विचारलं.

रामनाथ कॅनकडे बघत होता. दौलतकडे त्याने बघितलं नाही. बुचातून गळणारं पाणी त्याच्या कापलेल्या तळव्यावर आलं तेव्हा त्याचा जबडा आवळला, एवढंच.

"वरच्या रंगखान्यांचं," तो म्हणाला. "वाहून येतं."

"एवढं जड? वाहून?"

"खाडी कायपन आनते, साहेब."

त्याने कॅन पाण्यात परत टाकला नाही. उचलून होडीत घेतला आणि दौलतच्या पायाशी ठेवला.

होडी धक्क्याला लागली. वकील उतरले, ओल्या पँटचे पाय पिळले, आणि कोर्टातली सवय असल्यासारखे सरळ मुद्द्यावर आले. "मग? कोणतं ठेवायचं?"

"काळं," दौलत म्हणाला. "काळं बरं. लाल धोक्याचं हाय, बगितलंत ना तुमी."

"बघितलं," वकील म्हणाले. ते दौलतकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "पण धोका मशीनचा होता असं मला वाटलं नाही."

रामनाथने पाना घेतला होता. त्याने काळ्या मशीनचे नट एकेक करून ढिले केले, ते उचललं, खोक्यात ठेवलं, आणि खोकं वकिलांच्या हातात दिलं.

"हे तुमच्या मेव्हण्याला द्या."

"पण दौलतशेट तर म्हणाले..."

"त्याच्या तोंडून चुकून गेलं. आमी लाल ठेवतो."

"होडी त्यांची आहे ना, रामनाथ?"

"होडी त्याची. पानी माजं."

वकिलांनी दौलतकडे बघितलं. दौलत कॅनकडे बघत होता. वकील खोकं काखेत मारून चढणीने वर गेले, गोडाऊनच्या बाजूने, फाटकातून. फाटक उघडंच होतं.

मग भावाभावांत फक्त तो कॅन राहिला.

दौलत वाट बघत होता. शिवी येईल, थप्पड येईल. लहानपणी यायची तशी कानाखाली येईल आणि संपेल. ती आली असती तर त्याने दोन्ही हातांनी घेतली असती. रामनाथ होडीतलं पाणी डब्याने उपसत होता.

"किती हायत?"

दौलतने धक्क्याच्या दगडाकडे बघितलं. "म्हाईत न्हाय, दादूस."

"किल्ली कोनाकडं असते?"

"माज्याकडं."

रामनाथने मान हलवली. तळवा बांधायला त्याने डोक्याचा रुमाल सोडला, दातांनी गाठ मारली. आणखी पाणी उपसलं. मग डबा ठेवला.

"मघाशी मूठ चुकून पिळलीस का?"

बगळा तिवरातून उडाला, पलीकडे जाऊन बसला. हो म्हणणं सोपं होतं, आणि तेच दौलतला जमलं नाही.

"बरं," रामनाथ म्हणाला. "पानी उतरायच्या आत अजून एक फेरी व्हते. चल."

दौलत उठला आणि सवयीने इंजिनाकडे निघाला. रामनाथ आधीच तिथे जाऊन बसला होता. त्याचा न कापलेला हात मुठीवर होता.

"तिकडं न्हाय," तो म्हणाला. "तू लालपाशी बस. वायर तू धर."

होडीच्या कडेला बसायचं म्हणजे भावाकडे पाठ करायची. दौलत उकिडवा बसला. त्याने वायर हातात घेतली. ती अजून ओली होती, एका जागी लाल. मागे इंजिन सुरू झालं, आणि रामनाथने होडी डोहाकडे वळवली.