उपग्रहासाठी राखून ठेवलेला आवाज

सोमवारी बाबांचं स्वरयंत्र काढायचं होतं, आणि त्याआधी त्यांना एकदा तरी उपग्रहावरून कुणाशी बोलायचं होतं. बाबा म्हणजे यादोराव, पोलिसांच्या वायरलेसमध्ये छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन्स काढलं आणि दोनच महिन्यांत घशातली गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशनपर्यंत कमी बोला, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. घरात बोलणं पूर्ण बंद. भाजी हवी असली की ताट वाजवायचे.

"आमच्याशी बोलाले आवाज नाही," आई म्हणायची, "अन् त्या वरच्यासाठी जपून ठेवून राहिले!"

आईचं नाव सुमनबाई. तिचा राग मला पटत होता, पण अँटेना धरायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी गप्प राहायची. अँटेना बाबांनीच केलेली. मिस्त्रीची पोलादी टेप कापून तिचे तुकडे प्लंबरच्या पांढऱ्या पाइपवर आडवे बसवले होते. उपग्रह जेमतेम बुटाच्या खोक्याएवढा. आपण बोललेलं तो तिथल्या तिथे खाली सोडतो आणि ते अर्ध्या देशात ऐकू येतं. तो कधी उगवणार ते मोबाइल सांगतो. दहा मिनिटांत तो आभाळ पार करतो, तेवढा वेळ अँटेना त्याच्या मागे फिरवत राहायची. बोलायचा रेडिओ बाबांच्या हातात, नुसता ऐकायचा दुसरा माझ्या खांद्याला अडकवलेला. आवाज बारीक झाला की मनगट थोडं वळवायचं, परत मोठा होतो. एवढं मला दोन दिवसांत जमलं. मी लाखांदूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, न जमायला काय झालं?

अडलं होतं ते बाबांचं. कंट्रोल रूमने पुकारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही त्यांची नोकरीतली सवय. उपग्रहावर कुणी कंट्रोल नसतो. हैदराबादचा बोलतो, त्याच्यावर भोपाळचा बोलतो, जरा फट दिसली की आपण घुसायचं. बाबा बोलायच्या बटणावर अंगठा ठेवून पाळीची वाट बघत उभे राहायचे आणि उपग्रह मावळायचा. अशा चार फेऱ्या वाया गेल्या.

"बाबा, तिथं तुमाले कोणी बोलावणार नाही," मी शेवटी ओरडलेच. "घुसा ना सरळ!"

त्यांनी वहीत लिहून दाखवलं, 'दुसऱ्याचं चालू आहे.' वही तलावात फेकून द्यावीशी वाटली.

रविवारी सकाळी साडेआठच्या गाडीने नागपूरला निघायचं होतं. त्याआधीची शेवटची फेरी सात वाजून बारा मिनिटांची. तलावाच्या पारीवर, मातीच्या बांधावर, आम्ही उभे राहिलो. स्टँडचा रस्ता तिथूनच जातो, म्हणून आईही पिशव्या घेऊन आली होती. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. हैदराबाद आलं, भोपाळ आलं, कुणी श्रीलंकेचा आला. बाबांचा अंगठा तसाच. सहावं मिनिट लागलं. रेडिओवर क्षणभर फट पडली.

आईने पिशवी खाली ठेवली, बाबांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. "बोला आता!"

आईचं ते वाक्यही वर जाऊन आलं, माझ्या खांद्यावरच्या ऐकायच्या रेडिओत खणखणीत वाजलं. मग बाबा बोलले. घोगऱ्या आवाजात, पण एकेक अक्षर सुटं करून त्यांनी आपलं कॉलसाइन, लायसन्सवरचं रेडिओचं नाव, सांगितलं. हैदराबादवाल्याने ते जसंच्या तसं परत म्हटलं आणि आवाज स्पष्ट येतोय असं सांगितलं. मला रडू आलं. अँटेना हलली म्हणून आईने माझा हात धरला.

"अजून तीन मिनिटं आहेत बाबा, आणखी एक घ्या."

बाबांनी रेडिओ बंद केला. आईची पिशवी उचलली. "सुमन," ते म्हणाले, "तिकडं निसरडं आहे. इकडून चाल."

एकोणीस दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले होते.

गाडीत दोघं शेजारी बसले. जागा नव्हती म्हणून मी मागे. लाखांदूर सुटल्यापासून बाबा बोलत होते. गाडीच्या खडखडाटात मला शब्द कळत नव्हते, फक्त आईचं "हो" आणि "मंग?" ऐकू यायचं. एकदा ती मोठ्याने हसली. पवनीनंतर त्यांचा आवाज चिरकत गेला, अड्याळला नुसते ओठ हलत होते. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. कुणी त्यांना थांबवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. माझ्या मोबाइलमध्ये सात मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात परके लोक भरपूर आणि बाबा आठ सेकंद. गाडीत मोबाइल माझ्या मांडीवरच होता, आणि मला सुचलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

परवा आईला विचारलं, "गाडीत काय काय बोलले गं बाबा?"

"मले बोलले ते," आई म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.