बाबलीचा कान आणि ढोलाचा मान

इब्रामपूरच्या बाबलीची उमर डिचोलीकडच्या एका खाणीवर दगडात भोकं पाडायचं यंत्र धरून गेली. यंत्र सुटलं, पण त्याचा आवाज तेवढा पाठीमागे लागून घरी आला आणि कानात बिऱ्हाड करून बसला. सकाळी रातकिड्यासारखा किरकिरे, दुपारी उकळत्या किटलीसारखा कुईंऽऽ करी. गोव्याला राज्याचा दर्जा मिळायचं घाटत होतं ते हे साल. तिठ्यावर मराठीवाले आणि कोंकणीवाले घसे बसेपर्यंत भांडत. बाबलीला कोणी विचारलं, "तू खंयच्या बाजून रे?" की तो म्हणे, "माज्या कानात जा चल्ला हा, तेका अजून भाशा गावली नाय."

हेही एकवेळ सोसलं असतं. पण कान वाजू लागल्यापासून बाहेरचे आवाज त्याला टोचायला लागले. बायकोनं, सुमंगलेनं, ताटात वाटी ठेवली तरी कानशिलात बसल्यासारखा दचके. आणि शिगमो, म्हणजे गोव्याकडचा शिमगा, तोंडावर आला होता.

शिगम्याचा ढोल मांडावरून, गावानं देवकार्याला जमायच्या जागेवरून, निघाला की पहिला बाबलीच्या अंगणात येणार, हा त्याच्या घराण्याचा मान. मानकऱ्यानं तुळशीपाशी उभं राहायचं. ढोल त्याच्या खांद्याला खांदा लावून वाजायचा. मग त्यानं देवाला गाऱ्हाणं घालून नारळ ठेवायचा. ढोल वाजत असताना मानकरी एक पाऊल जरी मागे सरला, तरी मान पुढच्या घरी गेला. आणि पुढचं घर चुलतभाऊ बाबाजीचं. तो कैक वर्षं नारळ सोलून तयारच बसला होता.

"दादा, जिवाक त्रास कित्याक करतस? तू आतल्या खोलयेत नीज. मान माज्या अंगणात गेलो तरी घरातच रवलो मां?"

"तुज्या घरात," बाबली म्हणाला.

मग औषधं सुरू झाली. लसणीचं तेल घातलं, तर मुंग्यांची रांग उशीपर्यंत आली. शेजारच्या गोपाळानं निदान केलं की कानात रातकिडा शिरलाय, आणि रातकिड्यावर बेडकासारखा वैद्य नाही. त्यानं व्हाळाच्या पाण्यातला एक थोराड बेडूक आणून बाबलीच्या उशीवर, कानासमोर बसवला. बेडकानं आत वाकून पाहिलं. तोंड वळवलं. आणि जी उडी मारली, ती गोपाळ शपथेवर सांगतो, शेजारच्या हणखणे गावाच्या वेशीपर्यंत जमिनीला टेकली नाही.

शेवटी बाबलीनं स्वतःच उपाय काढला: आवाजच नको! दोन्ही कानांत कापसाचे बोळे. कोंबडा मोपाच्या पाहुण्यांना दिला. पाव विकणाऱ्या पोदेराला बजावलं की भोंगा वाजवलास तर सायकल व्हाळात. मग पोदेर गुपचूप यायचा, गुपचूप जायचा, आणि अख्खा वाडा पावाविना चहा पिऊ लागला. घर मसणवटीसारखं शांत झालं. आणि त्या शांततेत बाबलीचा कान असा पेटला, असा पेटला, की मांजर त्याच्या उजव्या बाजूला बसेनासं झालं.

"पुरे झाली तुमची डाक्तरकी," सुमंगला म्हणाली आणि त्याला ओढत म्हापशाला घेऊन गेली.

कानाची डॉक्टरीण मालतीबाई. तिनं त्याला एका बंद खोक्यात बसवून हातात बटण दिलं. शिटी ऐकू आली की दाबायचं. बाबलीनं बटण दाबलं ते सोडलंच नाही.

"अहो, मी अजून सुरू केलेलं नाही!"

"माज्यान केल्यान हा," बाबली कानाकडे बोट दाखवून म्हणाला.

बाई हसली, पण पुढचं तिनं नीट समजावलं. यंत्रानं कानाच्या आतले नाजूक केस मारले आहेत, ते पुन्हा उगवत नाहीत. हा आवाज गोळीनं जाणार नाही. पण त्याच्यावर पहारा ठेवणं थांबवा, म्हणजे तो थोडा मवाळ होईल. कापूस काढा, शांततेत तो माजतो. घरात हलका आवाज राहू द्या, रेडिओ, पाणी, काहीही. बाहेरच्या आवाजांची सवय हळूहळू, लांबून सुरू करा. खरोखर मोठ्या आवाजात मात्र ही रबराची बुचं घाला.

पण सवय करायची कशी? मांडावर नमन झाल्याशिवाय ढोलाला हात लावायचा नाही, हा गावचा नेम. "मी आसंय मां," सुमंगला म्हणाली. तिनं पहिल्या दिवशी लांब माडाखाली उभं राहून पेल्यावर चमचा वाजवला. मग अंगणातून झाकण. मग पडवीतून तपेली. बाबलीनं हात वर केला की थांबायचं, असा करार होता. तपेलीपर्यंत करार पाळला गेला. हंड्याला आली तेव्हा बाईच्या अंगात आलं.

"आगो, हात वर केलंय!"

"दिसलो! ह्यो तुमी माज्या भावाच्या लग्नाक येवक नाय तेचो!" आणि हंड्यावर आणखी एक.

बाबली दचकला, पण पळाला नाही. उलट हसला. हंडा कधी वाजणार हे तिच्या तोंडावरून कळत होतं, आणि कळलं की कान तेवढा चवताळत नव्हता.

शिगमो आला. फेटा बांधून, बुचं घालून बाबली तुळशीपाशी उभा राहिला. अंगण माणसांनी भरलं. ढोल खांद्याला लागला. बाबलीनं दात आवळले, डोळे मिटले आणि वाट पाहिली. कुईंऽऽ तेवढं चालू होतं. बाकी काही नाही. त्यानं एक डोळा उघडला. ढोलवाला, त्याच्या मामाचा नातू रुद्रेश, ढोलावर नुसती बोटं फिरवत होता, तान्ह्या पोराला थोपटावं तशी.

"ह्यो काय ढोल?" बाबाजी पुढे आला. "देवाक आयकाक येवक नाय! असलो मान चलना नाय. उचला ढोल, चला माज्याकडे!"

"काका, तुमचो कान दुखतलो म्हणून..." रुद्रेश पुटपुटला.

लोक हसले. कोणीतरी 'बिचारो' म्हणालं, आणि तो एक शब्द बुचातूनही बाबलीला लख्ख ऐकू आला. त्यानं रुद्रेशच्या हातातली काठी हिसकली. मानकऱ्यानं मागे सरायचं नाही असा नेम होता. वाजवायचं नाही असा नेम कोणी केला नव्हता. त्यानं पहिला घाव घातला. धडाम्! आवाज छातीवर आदळला, कानशिलं झणझणली, पण पाऊल जागचं हललं नाही. घाव कधी पडणार ते आता त्याच्याच हातात होतं. दुसरा घातला. तिसऱ्याला ताशेवाला शुद्धीवर येऊन सामील झाला. चौथ्याला माडावरचे कावळे उडाले ते थेट दोडामार्गाच्या हद्दीत जाऊन बसले, असं त्या हद्दीतली माणसंही सांगतात.

काठी परत देऊन बाबलीनं गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. बाबाजीनं आपला नारळ बगलेत मारला आणि घरी नेऊन सोलकढी केली.

दुपारी जेवताना सुमंगलेनं विचारलं, "वाजता?"

"वाजता."

"मगे?"

"वाजांदे. तेका पण शिगमो नको?" बाबली म्हणाला आणि त्यानं ताट पुढे केलं. तिनं वरून खळ्ळकन पळी आपटून भात वाढला. तो दचकला, आणि आणखी मागितला.