सुरी दुसऱ्याच्या हातात

सून ऑपरेशन करणार, म्हणूनच सासूबाई टेबलावर चढल्या होत्या. आता ती म्हणते, दुसरे डॉक्टर करणार! सासूबाई घाबरल्या, पण तोंड गप्प बसेना.

“साऱ्या जगाची पोटं फाडतेस आणि माझ्याच वेळी अंग काढून घेतेस होय गं?”

“आई, घरच्या माणसावर आम्ही सुरी धरत नाही. हात थरथरतो.”

तिचे डोळे पाहून सासूबाई जास्तच घाबरल्या. हीच भ्यायली, तर आपलं कसं व्हायचं?

“मग पळू नकोस. उशाशी उभी राहा आणि त्या डॉक्टरांवर नजर ठेव. माझ्या चुका बरोब्बर दिसतात तुला, त्यांच्याही दिसतील!”

सून उशाशी आली. भूल चढेपर्यंत सासूबाईंनी तिचं मनगट सोडलं नाही.