बेल वाजली की बसायचं

पेशंट म्हणून मी अगदी टाकाऊ आहे, हे आधीच सांगून टाकते. सगळं आयुष्य गेलं लोकांना ‘गप पडून राहा’ असं दरडावण्यात, आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी शेजारच्या बाईचं सलाइन किती वेगानं चाललंय ते पलंगावरून बघत होते. साथीनं मला गाठलं ते माझ्याच वॉर्डात आणि ॲडमिट केलं तेही तिथंच, खिडकीजवळच्या पलंगावर. ज्या वॉर्डाची मी इनचार्ज सिस्टर, त्याच वॉर्डात मी पेशंट! पोरींच्या मनात काय उकळ्या फुटल्या असतील. तोंडावर ‘सिस्टर, सिस्टर’ करतात, पण पाठीमागं मला ‘फौजदारीण’ म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पहिले काही दिवस वाईट गेले. नाकाला ऑक्सिजन, अंगात त्राण नाही, बोलायला दम पुरत नाही. आणि मी न बोलता राहायचं म्हणजे काय ते आमच्या घरी विचारा. मग ताप उतरला, नळी निघाली आणि जीभ पूर्ववत चालू लागली. तोवर वॉर्डात सगळ्याच बऱ्या होत चाललेल्या बायका उरल्या होत्या. घरी सोडण्याइतक्या बऱ्या नाहीत, पण भांडण्याइतक्या बऱ्या.

आडवं पडल्यावर वॉर्ड वेगळाच दिसतो बघा. मला पोरींचे पाय दिसायला लागले. डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. कोण कोण आहे ते चालीवरूनच ओळखायचं. दणदण चालणारी, दारात मावणार नाही अशी, ती पैलवान. आणि एवढीशी, जिला पोशाख दोन मापं मोठा आणि कमरेला चिकटपट्टीनं आवळलेला, ती चिमणी. सबंध ड्युटी त्या चार पायांवर वॉर्ड चालला होता. पोशाख एकदा चढवला की ड्युटी संपेपर्यंत उतरवायचा नाही, कारण पोशाखांचीच टंचाई. म्हणजे पाणी नाही, चहा नाही आणि बाकीच्या गोष्टी तर विचारूच नका.

बरं, निदान टेकावं म्हटलं तर कशावर? साथ आली तेव्हा कापडी खुर्च्या पुसता येत नाहीत म्हणून बाहेर काढल्या, आणि प्लॅस्टिकच्या खाली तपासणीच्या रांगेसाठी नेल्या. तात्पुरत्या! मी ऑफिसात जाऊन दोनदा भांडून आले होते. दोन्ही वेळा उत्तर एकच, ‘बघू.’ त्यात वॉर्डात कॅमेरा. रिकामी बसलेली नर्स दिसली की खालून फोन आलाच. उभ्या नर्सला मात्र कधी कुणी फोन केला नाही, की बाई गं, तुझे पाय आहेत की खांब?

एके दिवशी सकाळी चिमणी माझा ताप बघायला आली. मी नेहमीप्रमाणं तिच्या चुका काढल्या, तिनं नेहमीप्रमाणं मान डोलावली. मग म्हणाली, “सिस्टर, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“ते ऐकल्यावर ठरवीन.”

“महिना संपला की मी सोडून जाते आहे.”

“कुठं?”

“घरी. बाबांच्या दुकानात. कापडाचं आहे. गल्ल्यावर बसेन.” आणि चष्म्याआडून माझ्याकडं बघत म्हणाली, “निदान बसेन तरी.”

तुम्हाला कल्पना नाही ही पोर काय आहे. कितीही सुजलेला हात असो, हिला शीर सापडते, आणि सुई आत गेल्यावर पेशंट विचारतो, “अजून टोचलं नाही का?” मी शेकडो पोरी शिकवल्या, पण असा हात शिकवून येत नाही. आणि ती आता कापड मोजणार! मला चिक्कार राग आला. तिच्यावर नव्हे. तिला ‘राहा’ म्हणायला माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं, ह्याचा राग आला. रात्रंदिवस राबवून वर उपदेश करायचा, एवढी निर्लज्ज मी नाही.

दुपारपर्यंत मी छताकडं बघत विचार केला. मग उशाची बेल दाबली.

चिमणी धावत आली. “काय झालं, सिस्टर?”

“छातीत धडधडतंय. जवळ बस.”

“कशावर बसू?”

वॉर्डात बसण्यासारखी एकच वस्तू शिल्लक होती: कोपऱ्यातली कमोडची खुर्ची. अशक्त पेशंटांसाठी असते ना, भांडंवाली. मी तिकडं बोट दाखवलं.

“सिस्टर! शी!”

“शी काय? धुऊन-पुसून ठेवलीय, माझं लक्ष होतं. झाकण लाव आणि बस. माझं मनगट धर. कॅमेऱ्यात काय दिसेल? घाबरलेला पेशंट आणि जवळ बसून धीर देणारी नर्स. कुणाची हिंमत आहे नाव ठेवायची?”

ती बसली. बसल्याबरोबर तिच्या तोंडून जो उसासा निघाला तो ऐकून मला हसू आलं आणि रडूही आलं. माझी धडधड चांगली पाव तास टिकली.

शेजारच्या पलंगावर एक मुख्याध्यापिका होत्या. सगळा वेळ कूस वळवून पडल्या होत्या, मला वाटलं झोपल्यात. चिमणी गेल्यावर त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि विचारलं, “तुमचा हा तास किती मिनिटांचा?”

मी काय सांगणार, चोरी पकडली गेली होती. पण बाई पक्क्या निघाल्या. “एकट्या तुमचीच धडधड रोज चालणार नाही,” त्या म्हणाल्या. “संशय येईल. वेळापत्रक करायला हवं.” आयुष्यभर तासांची वेळापत्रकं लावलेली बाई, तिनं संध्याकाळपर्यंत अख्खा वॉर्ड कामाला लावला. एकदा बेल म्हणजे बसायचा तास, दोनदा बेल म्हणजे खरी गरज. ज्या वेळी एकीचा तास चालू असेल त्या वेळी बाकीच्यांनी उगीच पाणी-पाणी करायचं नाही, आपापलं उठून प्यायचं. तास दहा मिनिटांचा.

“दहा?” समोरच्या पलंगावरून भाजीवाल्या मावशी कडाडल्या. त्यांच्या आवाजानं भिंतींचे पोपडे उडायचे. “दहा मिनिटांत काय होतंय? वीस करा, बाई!”

“बारा.”

“अठरा. आणि पोरीला तोंडदेखलं नको, पाय लांब करून बसू द्या.”

पंधरावर सौदा पटला.

आणि खरं सांगते, तेव्हापासून आमच्या वॉर्डाची कळाच बदलली. पोरी बसायला लागल्या आणि बसल्या की बोलायला लागल्या. पैलवान आधी तयारच नव्हती, म्हणे, “ती खुर्ची माझ्या वजनानं मोडली तर रिपोर्टात काय लिहू?” मोडली नाही. मग कळलं की पैलवान नकला फार छान करते, आणि सगळ्यात छान माझी करते. मुख्याध्यापिका हसून हसून खोकल्या, तेव्हा मी रागावले, पण त्यांचा कफ सुटला ते बरंच झालं. मावशी प्रत्येक तासाला एक गिऱ्हाईक सांगायच्या: कुणी वांगं कानाशी धरून ऐकायचं, कुणी नुसता भाव विचारायला रोज यायचं. आजारी बायकांना एकदम काहीतरी काम मिळालं होतं. ज्यांना जेवण जायचं नाही त्या जेवायला लागल्या. आमचे हे रोज फोन करायचे, मी त्यांना सगळं खुलवून सांगायची. “अगं, तू तिथं पेशंट आहेस ना?” ते विचारायचे. “मग आराम कोण करतंय?”

चिमणी हसायची, पण दुकानाचा विषय निघाला की गप्प व्हायची. एकदा मावशींनी सरळ विचारलं, “जाणार म्हणतेस ते खरं का?” तर म्हणाली, “मावशी, तुम्ही सगळ्या बऱ्या होऊन घरी जाल. मग बेल कोण वाजवणार?”

आता आमची एक चूक झाली. बेलचा दिवा खाली ऑफिसातही लागतो, हे मी विसरले. मी! तिथं लोकांना दिसलं, की सगळ्यात बऱ्या पेशंटांच्या वॉर्डात सगळ्यात जास्त बेल वाजतात. फोनवर काही पत्ता लागेना तेव्हा एका दुपारी मोठे साहेब स्वतःच आले. हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर. साथ सुरू झाल्यापासून ते वर आले नव्हते. त्यांच्याही डोक्याला खाली कमी ताप नव्हता, खोटं कशाला बोलू. पोशाखात ओळखू आले नाहीत, पण घसा खाकरला आणि मला घाम फुटला.

कारण त्या वेळी माझा तास होता, आणि चिमणी झोपली होती. झाकणावर बसून, माझं मनगट हातात, डोकं माझ्या गादीच्या कडेला टेकवून, गाढ. पैलवान एका आजींना अंघोळ घालायला आत गेलेली. ड्युटीवर झोपलेली नर्स म्हणजे सरळ मेमो. मग ती महिना संपायचीही वाट बघणार नाही, आजच जाईल, आणि माथ्यावर डाग घेऊन जाईल.

साहेब पलंगाशी आले. “ही काय करते आहे?”

“नाडी बघतेय, सर.” मी हळू आवाजात म्हटलं.

“डोळे मिटून?”

“लक्ष लागतं.”

ते काही बोलणार एवढ्यात शेजारी बेल वाजली, दोनदा. मुख्याध्यापिका अगदी अंत जवळ आल्यासारख्या स्वरात म्हणाल्या, “डॉक्टर, पाणी.” साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. एक नर्स नाडी बघत होती, दुसरी बाथरूमच्या दाराआड. गेले बिचारे स्वतः. पेला भरून देतात न देतात तोच समोरून बेल.

“साहेब, उशी जरा वर घ्या,” मावशी म्हणाल्या. “नाही, एवढी नको. खाली. डावीकडं. अहो, तुमचं डावं नव्हे, माझं डावं! राहू द्या, आधी होती तशीच बरी होती.”

मग सबंध वॉर्डाला कंठ फुटला. कुणाला खिडकी उघडून हवी, तर तिच्याच शेजारणीला बंद. कुणाचं पांघरूण घसरलं. कोपऱ्यातल्या आजींनी तर खरंच बेडपॅन मागितलं. साहेब या टोकाचे त्या टोकाला. चष्मा धुरकटला, एकदा कपाटावर आपटले, एकदा पैलवान समजून दाराच्या पडद्याशीच बोलले. मी ओठ चावून हसू दाबत होते. माझा हात चिमणीच्या हातात होता आणि मी हलले असते तर ती जागी झाली असती.

शेवटी ते माझ्या पलंगाच्या दांडीला धरून उभे राहिले. मास्कच्या आत धाप ऐकू येत होती.

“सिस्टर,” ते म्हणाले, “इथं बसायला काही नाही का हो?”

कुणीही हसलं नाही. मावशीसुद्धा नाही.

“नाही, सर,” मी म्हटलं.

त्यांनी चिमणीकडं पाहिलं. ती कशावर बसली आहे ते त्यांना आता दिसलं. “ही आत कधीपासून आहे?”

“सकाळपासून. आणि काल सकाळपासून. आणि परवा.”

माझ्याकडं महिन्याभराचं भांडण साठवलेलं होतं, एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं. पण तो माणूस घामानं निथळत उभा होता आणि मला त्याची कीवच आली. सगळी वाक्यं कुठं गेली कोण जाणे. मी एवढंच म्हणाले, “सर, ही पोर मला जायला नको आहे. महिनाअखेर सोडते म्हणते. मी तिला थांब कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्याकडं काही नाही. तुमच्याकडं आहे.” आणि फौजदारीण म्हणवणाऱ्या बाईचा आवाज सगळ्या वॉर्डासमोर फुटला.

“उठवू नका तिला,” साहेब म्हणाले आणि हळूच निघाले. दाराशी पोचले तर मागून मावशी, “साहेब, माझं पाणी राहिलंच!”

“आलो,” म्हणाले, आणि खरंच परत येऊन देऊन गेले.

चिमणी जागी झाली आणि तिला कोण येऊन गेलं ते कळलं तेव्हा तिनं आधी कपाळाला हात लावला, मग पैलवाननं साहेबांची उशीची नक्कल केली तेव्हा पोट धरून हसली. संध्याकाळी खुर्च्या वर आल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या मीटिंगच्या खोलीत पोरींसाठी चहाची किटली आणि दोन पलंग आले. आणि त्याच आठवड्यात, खालच्या बंद ओपीडीतल्या नर्सेस वर पाठवून साहेबांनी पोशाखातली ड्युटी निम्मी केली. निम्मी! पैलवान वॉर्डाच्या मधोमध नाचली. नजर ठेवणाऱ्यांनी काय ते कॅमेऱ्यात बघून घेतलं असेल.

चिमणी मात्र काही बोलेना. मीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती, सरळच सांगते. महिना संपत आला होता.

मला घरी सोडलं त्या दिवशी चिमणीच चाकाची खुर्ची घेऊन आली. वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिकांनी मला शिस्तीत राहायला सांगितलं. लांबलचक व्हरांड्यातून ती मला ढकलत होती, नुकताच चहा पिऊन आलेली, मजेत काहीतरी गुणगुणत. दाराबाहेर आमचे हे उभे होते.

“सिस्टर,” ती मागून म्हणाली, “पुढच्या महिन्याच्या ड्युट्या तुम्हीच लावणार ना?”

“मग दुसरं कोण लावणार? का?”

“मला सकाळची लावा. दुपारची नको, बाबांना दुकानाचा हिशेब दुपारी मी करून देईन म्हटलंय.”

मला मागं वळून बघता येईना, खुर्चीची पाठ उंच होती. “सकाळची सगळ्यांनाच हवी असते,” मी जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हटलं. “तुझे लाड करायला मी बसलेली नाही.”

“हो, सिस्टर,” ती म्हणाली. हसत होती, आवाजावरून कळत होतं.

दाराशी आमचे हे पुढं झाले. मी त्यांचा हात धरला आणि एवढ्या दिवसांनी नवऱ्याला पाहून पहिलं वाक्य काय बोलले, तर, “अहो, पोर राहतेय!” आणि हमसून हमसून रडायला लागले. कोण पोर, कुठं राहतेय, त्यांना बिचाऱ्यांना काही उमजलं नाही. पण माझ्याकडं बघता बघता तेही हसायला लागले.