घाईबाबाने न वाचलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना एडिटर आहे, म्हणजे फाइलीत मजकूर लिहायचा-बदलायचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, आणि आज माझं डोकं फिरलं आहे. मला ना चित्रं, ना बटणं. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि कीबोर्ड, एवढाच माझा संसार. एका हुशार बाईने मला फावल्या वेळात लिहिलं. पुढे मी या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर आलो आणि इथेच म्हातारा झालो.

माझी एक करामत आहे. कीबोर्डवरचं बाणाचं बटण दाबत खाली गेलं, की ओळींची अख्खी रांग निवडली जाते. मग एकदाच टाइप करा, ते सगळ्या ओळींवर उमटतं. या करामतीचं पूर्वी भारी कौतुक व्हायचं आणि मीही फुशारून जायचो.

इथल्या एका फाइलमध्ये प्रत्येक खोलीच्या अलार्मची एकेक ओळ आहे. ओळीपुढे हॅशची (#) खूण आली, की तो अलार्म मुका. परवा एका वॉर्डात रंगकाम निघालं, म्हणून तिथले अलार्म बंद करायचे होते. काम आलं घाईबाबाकडे. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या गृहस्थाला सगळे याच नावाने ओळखतात. त्याने बाण दाबून धरला आणि शेजाऱ्याशी गप्पा हाणत बसला. बाण एक ओळ जास्त खाली गेला. ती ओळ होती अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीची. त्याने हॅश मारला. मी तो तिच्यापुढेही दाखवला, अहो, अगदी नाकासमोर! पठ्ठ्याने सेव्ह केलं आणि चहाला गेला.

दुपारी एका बाळाच्या काचेच्या पेटीतला हीटर बंद पडला. अलार्म वाजलाच नाही. आई दूध घेऊन आली आणि तिने बाळाच्या पायाला हात लावला, तर पाय गार. तिच्या हाकेने सिस्टर धावत आल्या. बाळ वाचलं, पण थोडक्यात.

मीटिंगमध्ये घाईबाबा बेधडक म्हणाला, "एडिटर जुनाट आहे. त्यानेच आपोआप केलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं राबलो, त्याचं हे फळ? सिस्टरनी शांतपणे विचारलं, "सेव्ह करण्याआधी तुम्ही ओळी वाचल्या होत्या का?"

त्याने खिशातून मोबाइल काढला. तरी मोठ्या साहेबांनी काढायचं ठरवलं ते मलाच.

आज नवा एडिटर आला आहे, रंगीत आणि गुळगुळीत. संध्याकाळी मला पुसणार आहेत. खुशाल पुसा. पण रंगकाम आता शेजारच्या वॉर्डात गेलं आहे. घाईबाबाने तीच फाइल नव्या एडिटरमध्ये उघडली आहे, बाण दाबून धरला आहे, तो पुन्हा बाळांच्या खोलीच्या ओळीकडे निघाला आहे आणि याचे डोळे मोबाइलमध्ये आहेत. त्या पेटीत अजून तेच बाळ आहे. मित्रांनो, कुणीतरी त्याला खांद्याला धरून हलवा आणि सांगा, अरे, आधी वाच!