मामाचा शब्द, भाचीचा विषय

गुरुलिंगमामांना एक खोड होती: माहीत नसलं तरी ठासून सांगायचं. भाचीला बघायला येणाऱ्या लातूरच्या पाहुण्यांनी फोनवर विचारलं, मुलगी काय शिकते? मामांनी दणक्यात सांगितलं, "नांदेडला बी.ए. करती, संगं बँकिंग!" मुलगा बँकेत साहेब, तेव्हा भाचीनंही बँकिंगच घेतलं असणार, असं त्यांचं सरळ गणित.

आरतीनं घेतलं होतं जीवविज्ञान. नव्या धोरणात कला शाखेच्या मुलांनाही पहिल्या वर्षी दुसऱ्या शाखेचा एक तोंडओळखीचा विषय घ्यावा लागतो. बाकीच्यांना ती ब्याद वाटत होती, आरतीला मात्र लॉटरी लागली. दहावीला विज्ञानात ती शाळेत पहिली होती. पण लॅबमध्ये संध्याकाळ होते म्हणून तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तिला आर्ट्सला घातलं. आता सरकारनंच मागचं दार उघडलं होतं. पहिल्याच प्रात्यक्षिकाला मार्तंड सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला, आणि डोळा लावून बसलेली आरती उठेचना. जन्मभर कांदे चिरले, डोळे पुसले; आत अशा खोल्या बांधलेल्या असतात हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. त्या संध्याकाळी फोनवर ती अप्पांना तेच सांगत बसली.

आणि पाहुण्यांना बँकिंग सांगितल्याचा मामांचा फोन आल्यावर अप्पा देगलूरहून पहिल्या गाडीनं कॉलेजात हजर झाले.

"विषय बदलून घे, आरू. बँकिंग घे."

"अप्पा, मामाला सांगा ना, चुकून बोललो म्हणून."

"आता पाव्हण्यापुढं त्याला खोटं पाडू का? तुजी माय गेल्यापासून त्योच एकला धावून येतो. लई तोलामोलाचं स्थळ हाय, पोरी."

घ्या! मामाचा शब्द दुरुस्त करण्यापेक्षा भाचीचा विषय दुरुस्त करणं सोपं. आपल्याकडं सोपं असतं तेच आधी करतात.

मार्तंड सर म्हणाले, "काका, मुलगी मनापासून करतेय. राहू द्या." अप्पांनी हात जोडले. "सर, तुमी शिकलेले हायत. पोरीच्या लग्नात खामखा आडकाठी नका घालू." सर तासिका तत्त्वावरचे, आज आहेत तर उद्या नाहीत, आपल्या नकाराला किती वजन, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी विषय बदलायच्या अर्जावर सही केली. आरतीकडं मात्र त्यांना बघवलं नाही.

आरती बँकिंगच्या तासाला बसू लागली. चालू खातं, बचत खातं, धनादेशाचे प्रकार. विषयाचा काही दोष नव्हता. पण खिडकीतून समोरची लॅब दिसायची, आणि मग तिचा जीव नुसता तुटायचा.

रविवारी पाहुणे गावी आले. मुलगा मान खाली घालून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला खात होता. बोलत होते ते त्याचे वडील.

"सांग बरं, चालू खात्यात आन् बचत खात्यात फरक काय?"

आरतीनं न अडखळता सांगितलं. मामांची छाती फुगली.

"पोरगी हुशार हाय. पसंत," पाहुणे म्हणाले, आणि चहाचा घोट घेऊन तितक्याच सहज पुढं म्हणाले, "शिक्षण आता बास. आमच्यात एकजण बँकेत गेला, आता घर बघाया माणूस पायजे. उन्हाळ्यात बार उडवून टाकू."

"बराबर हाय," मामा म्हणाले. अप्पांनी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच, "बरं."

पाहुण्यांची गाडी गेल्यावर अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायचा त्यांना धीर होईना.

"आरू, म्या उद्या नांदेडला येतो. सरायच्या पाया पडतो. तुजं ते कांद्याचं परत घे. लग्नापस्तोर कर की."

आरतीला त्यांचा संताप आला, आणि त्याच दमात त्यांची कीवही आली. हा माणूस खरंच जाईल, पुन्हा हात जोडेल. आज मात्र ज्यांच्यापुढं बोलायचं त्यांच्यापुढं तो नुसतं 'बरं' म्हणाला. भांडावं तरी कुणाशी?

"नगा जाऊ, अप्पा," ती म्हणाली. "त्या भिंगात एकदा बघितलं की अजून बघावं वाटतं."