वरच्या मजल्यावरची चाकांची खुर्ची

मित्रांनो, खुर्चीसाठी माणसं काय काय करतात, हे तुम्ही मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं असेल. माझ्या वाट्याला तसलं भाग्य कधी आलं नाही. मी दिसले की लोक जरा बाजूला सरकतात आणि मनातल्या मनात म्हणतात, हिच्यात बसायची वेळ न येवो. मी चाकांची खुर्ची आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या हातांवरचं रेक्झीन एकदा बदललेलं आहे. पाय ठेवायची एक पट्टी मोडली होती, ती डाग देऊन जोडली आहे. पण मी चालते अजून.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे लोखंडी नळ्या वाकवायचं काम चाले. मला जोडणारा फिटर मोठा काटेकोर माणूस होता. खुर्ची तयार झाली की तो स्वतः तिच्यात बसून शेडभर एक फेरी मारी आणि कुठे कुरकुर ऐकू आली की तिथे तेलाचा थेंब सोडी. माझी कुठे कुरकुर आली नाही. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. आता मी कोणाच्या तरी घरी जाणार, या आनंदात मी टेम्पोत चढले.

पण मी घरी गेले नाही. मी गेले सरकारच्या समाजकल्याण कार्यालयात. वृद्धांची पेन्शन, विधवांची मदत, अपंगांचा भत्ता, ही सगळी कामं तिथे होत. इमारत दोन मजली होती. खालच्या मजल्यावर एक मोठी खोली होती, पण तिला कुलूप. आत मोडकी टेबलं आणि तीन पायांची कपाटं कोंबलेली. सगळं कार्यालय वरच्या मजल्यावर, आणि वर जायला एकच जिना, अरुंद आणि उभा. कठडाही एकाच बाजूला.

अशा प्रत्येक कार्यालयात एक चाकांची खुर्ची असावी, असा वरून हुकूम आला होता. म्हणून मला आणलं. दोघा हमालांनी मला उचलून जिना चढवला. साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग मला खाली ठेवायचं की वर, असा प्रश्न निघाला. खाली ठेवली तर कोणी पळवून नेईल, असं ठरलं. म्हणून जिना संपतो तिथल्या खिडकीच्या गजाला मला साखळीने बांधून टाकलं.

तुमच्या लक्षात आलं ना? ज्यांना माझी गरज होती ते सगळे खाली, आणि मी वर. जो माणूस तो जिना चढून माझ्यापर्यंत येई, त्याला माझी गरजच नसे. असून अडचण आणि नसून खोळंबा म्हणतात, तशी माझी गत झाली.

काही दिवसांनी माझ्या मांडीवर एक फायलींचा गठ्ठा आला. मग त्याच्यावर दुसरा आला. पावसात माझ्या हातांना ओल्या छत्र्या लटकू लागल्या, आणि एरवी जेवणाच्या डब्यांच्या पिशव्या. चाकांतली हवा हळूहळू गेली. मी तिथून सरळ खालचं दार बघत बसे. जिना, दार, दारापलीकडचा रस्ता. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच.

खाली येणाऱ्या माणसांना वर आणायचं काम शिपाई करत असे. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो अंगाने भरदार, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. दाराशी कोणी लंगडत आलं की तो खाली जाई, पाठमोरा होऊन वाकायचा आणि म्हणायचा, "चला, बसा. भाडं लागत नाही." म्हाताऱ्या आज्या, कुबड्या घेतलेली माणसं, सगळ्यांना त्याने पाठीवर वाहून वर आणलं. पण वय कोणाला चुकलंय? दरवर्षी त्याला दम जरा आधी लागू लागला. वर पोचला की तो माझ्याच हाताला धरून उभा राहायचा. त्याच्या छातीचा भाता माझ्या नळ्यांमध्ये घुमायचा.

त्या जिन्याशी ज्याचं खरं वैर जडलं, तो एक निवृत्त बस कंडक्टर होता. साखरेच्या आजारात त्याचा एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला होता, आणि दुसऱ्या पायातही फारसा जोर उरला नव्हता. त्याला अपंगांचा भत्ता मिळे. पण त्यासाठी वर्षातून एकदा कार्यालयात स्वतः हजर राहून हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकली की भत्ता बंद. पहिल्या वर्षी तो जिन्याकडे पाठ करून बसला आणि हातांवर जोर देत, बसल्या बसल्या एकेक पायरी उलटा चढला. वर आला तेव्हा त्याची विजार धुळीने माखली होती. तरी हसत म्हणाला, आयुष्यभर लोकांना पुढे सरका म्हणत आलो, आता स्वतः मागे सरकायला शिकलो.

दुसऱ्या वर्षी पैलवानाने ऐकलं नाही. त्याला पाठीवर घेतलं. शेवटच्या काही पायऱ्या राहिल्या असताना पैलवानाचा पाय घसरला. दोघंही कोसळले. मी वरून सगळं बघत होते, पण साखळीत बांधलेली खुर्ची काय करणार? कंडक्टरला थोडं खरचटलं. पैलवानाची कंबर मात्र अशी धरली की तो कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून होता.

तिसऱ्या वर्षी कंडक्टर आला तो लेकीला घेऊन. लेक एका बेकरीत कामाला होती आणि खाडा करून आली होती. दारात रिक्षातून उतरून तो कुबड्यांवर आत आला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. पैलवान आता पट्टा बांधून कामावर येत होता. तो पुढे झाला, वाकायलाही लागला. कंडक्टरने हात वर करून त्याला थांबवलं आणि म्हणाला, की तुमची कंबर एकदा माझ्यापायी मोडली तेवढी पुरे झाली. मी इथेच बसतो.

लेकीने परोपरीने विनवलं. शेजारच्या दुकानातली दोन तरुण माणसं उचलायला तयार होती. "बाबा, एकदा उचलून घ्या ना," ती म्हणाली. "कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय ना," कंडक्टर म्हणाला. "मी काही पोतं नाही गं. हक्काचा भत्ता आहे, तो माणसासारखा घेईन."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली मान घालून म्हणाली, की भत्ता बंद झाला तर बाबांची औषधं कशी आणायची, एवढं तरी सांगा. कंडक्टरने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. पण जागचा उठला नाही.

अर्जांच्या खिडकीवर एक ताई बसत. खिडकी माझ्या शेजारीच होती, त्यामुळे हे सगळं त्यांच्याही कानावर पडत होतं. त्यांनी पेन बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. मग उठून साहेबांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या की मी खाली जाऊन हजेरी घेऊन येते. साहेब वाईट नव्हते, पण नियमाला घट्ट धरून बसणारे होते. त्यांनी सांगितलं की हजेरी कार्यालयातच घ्यायची असते. खाली रस्त्यावर घेतली आणि उद्या कोणी बोट दाखवलं तर जबाबदार कोण?

ताई म्हणाल्या, "साहेब, तो जिना कोण झाडतो?"

"आपलाच सफाईवाला."

"मग खालची पायरी पण आपल्याच कार्यालयात आली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हे रागावणार. पण ते उठले आणि म्हणाले, चला, मीच येतो.

साहेब रोज खिडकी उघडण्याच्या बऱ्याच आधी येत आणि सगळे गेल्यावर घरी जात. तोपर्यंत खालची माणसं पांगलेली असत. त्यामुळे उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा त्यांचा कारभार चालला होता. त्या दिवशी मधल्या वेळेला ते पहिल्यांदाच जिना उतरले. खाली कंडक्टर एकटा नव्हता. भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, तिचे दोन्ही गुडघे सुजलेले. एक आई आपल्या मोठ्या, न चालणाऱ्या मुलीला कडेवर सावरत उभी होती. ती सांगत होती, की आज पैलवानदादांची तब्येत बरी दिसत नाही, म्हणून परत जाणार होते. साहेबांनी तिला विचारलं, की याआधी किती वेळा परत गेलात. तिला नीट सांगता आलं नाही.

साहेब कंडक्टरशेजारी पायरीवर बसले. ताईंनी कागद पुढे केला, कंडक्टरने सही केली, साहेबांनी केली. मग त्या म्हातारीचं काम झालं, त्या मायलेकींचं झालं. काम संपल्यावर साहेबांनी मान वळवून वर बघितलं. जिन्याच्या टोकाला मी होते. मांडीवर गठ्ठे, हातांना पिशव्या, चाकं बसलेली. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मग पैलवानाला म्हणाले, "ती साखळीची किल्ली कोणाकडे आहे?"

मित्रांनो, किल्ली सापडलीच नाही. शेवटी साखळी कापावी लागली. मग मला खाली आणून चाकांत हवा भरली.

त्यानंतर दर मंगळवारी जिन्याच्या पायथ्याशी एक टेबल लागू लागलं. आधी धापा टाकत वर गेलेल्या कितीतरी जणांना आता चढायची गरज उरली नाही. खालची मोडक्या सामानाची खोली रिकामी करून तिथेच खिडकी न्यावी, असं साहेबांनी वर लिहून पाठवलं. मंजुरी यायला बरेच महिने गेले. मध्ये कागद एकदा परतही आला. पण साहेबांनी पिच्छा सोडला नाही, आणि एके दिवशी त्या खोलीचं कुलूप निघालं.

पण घोडं अजून एकदा अडलं. खोलीचा उंबरा उंच होता, म्हणून ठेकेदाराने बाहेर सिमेंटचा उतार बांधला. उतार कसला, घसरगुंडीच ती! कंडक्टर बघायला आला आणि नुसता मान हलवून उभा राहिला. ठेकेदार म्हणत होता की सगळं मापात आहे. तेव्हा ताईंनी सुचवलं, की साहेबांनीच एकदा बसून बघावं.

साहेब माझ्यात बसले. पैलवानाची कंबर अजून धड नव्हती, म्हणून मला ठेकेदारानेच ढकललं. चढताना त्याच्या नाकी नऊ आले. उतरताना तर साहेबांची बोटं माझ्या हातांवर अशी रुतली की रेक्झीन फाटलं. खाली पोचल्यावर ते काही वेळ उठलेच नाहीत. लांबून बघणारी माणसं हसत होती, आणि थोड्या वेळाने साहेबही हसू लागले. "फोडा," ते ठेकेदाराला म्हणाले. "लांब बांधा. जागा लागली तर माझी गाडी बाहेर उभी राहील."

नवा उतार लांब झाला, लहान मुलालाही चढता येईल असा. खिडकी सुरू झाली त्या सकाळी कंडक्टर लेकीबरोबर आला. पैलवान मला घेऊन फाटकापाशी उभा होता. कंडक्टर माझ्यात बसला, कुबड्या मांडीवर आडव्या ठेवल्या. लेक मागे येऊन ढकलू लागली, तर तो म्हणाला, थांब. माझ्या मोठ्या चाकांना बाहेरून लोखंडी कड्या आहेत. त्या धरून त्याने चाकं फिरवली. आधी एका बाजूला भरकटला. मग जमलं. त्या फिटरनंतर माणसाचे हात स्वतःच्या जोरावर मला पुढे नेत आहेत, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. आम्ही उतार चढलो, दार ओलांडलं आणि थेट ताईंच्या खिडकीसमोर जाऊन थांबलो.

"आलो," कंडक्टर म्हणाला.

"या, दादा," ताई म्हणाल्या. एवढंच.

लेक मात्र दाराबाहेरच उभी होती, भिंतीकडे तोंड करून. पैलवानाने तिला पाण्याचा पेला नेऊन दिला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. ते साहेब बदलून गेले. दुसरे आले, तिसरे आले. मीही झिजत चालले आहे. मध्ये कोणीतरी पुन्हा माझ्या मांडीवर गठ्ठा ठेवला होता, पण ताईंनी तो संध्याकाळच्या आत उचलायला लावला.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत माझ्यासारखी खुर्ची दिसली तर तिच्यावर दप्तर टाकू नका. तिच्या चाकांत हवा आहे का, अंगठ्याने दाबून बघा. नसेल तर कोणाला तरी सांगा. आणि ती कुठे ठेवली आहे, हेही बघा. मदत केली एवढ्याने भागत नाही. ती गरज असलेल्या माणसाच्या हाताला लागायला हवी.

परवा एक आजी पहिल्यांदाच पेन्शनच्या कामाला आल्या. काम झाल्यावर मी त्यांना फाटकाकडे नेत होते. वाटेत त्यांना जिना दिसला. त्यांनी कपाळावर हात धरून वर बघितलं आणि पैलवानाला विचारलं, "वर काय असतं हो?"

पैलवान आता निवृत्तीला आला आहे. त्याने जिन्याकडे बघितलं, मग आजींकडे.

"वर साहेब बसतात," तो म्हणाला. "तुमचं काम खालीच आहे."